एक मूल, दोन घरे आणि अमेरिकेचा प्राप्तिकर

आमच्या परिचयाच्या एका आजीबाई आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. त्याचा घटस्फोट झालेला आहे आणि आठ वर्षांची नात एक आठवडा बापाकडे, एक आठवडा आईकडे अशी राहते. हे सांगताना आजीबाईंचा आवाज अजूनही जरा खाली येतो. त्याला इलाज नाही. तिकडच्या उन्हाळ्याच्या सुटीत, म्हणजे आपल्याकडच्या ऐन पावसाळ्यात, नात त्यांच्याकडे येऊन राहून गेली. पुढे जानेवारीत मुलाने कळविले, 'आई, ती तुझ्याकडे नेमक्या किती रात्री झोपली, आणि त्यांपैकी मी घरी असताना किती, ते तारखांनिशी लिहून पाठव.' आजीबाईंना वाटले, कोर्टकचेरीचे पुन्हा काही निघाले. परंतु हे काम कोर्टाचे नव्हते, प्राप्तिकराचे होते. रात्री मोजण्याचा आणि कराचा संबंध काय, हे त्यांनी आम्हांला विचारले. ह्या सभागृहात येणाऱ्या पुष्कळांची मुलेबाळे तिकडे आहेत. तेव्हा तो संबंध थोडा विस्ताराने सांगणे अस्थानी होणार नाही.

आपल्याकडे अविभक्त हिंदू कुटुंबाचा अपवाद सोडला, तर प्राप्तिकर हा ज्याचा त्याचा असतो. नवरा आपला भरतो, बायको आपला भरते. लग्न झाले आहे की मोडले आहे, ह्याची विचारपूस करखाते सहसा करीत नाही. अमेरिकेत विवरणपत्राच्या अगदी आरंभी हाच प्रश्न येतो. करदात्याने आपला दर्जा सांगावयाचा असतो: एकटा, विवाहित व एकत्र विवरण भरणारे, विवाहित पण वेगवेगळे भरणारे, मृत जोडीदाराच्या पश्चात मूल सांभाळणारा, आणि 'हेड ऑफ हाउसहोल्ड', म्हणजे कुटुंबप्रमुख. घटस्फोटित आईबापांचा सारा तंटा ह्या शेवटच्या शब्दाभोवती फिरतो.

हा दर्जा आला कोठून, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा काही राज्यांत जुन्या स्पॅनिश वहिवाटीमुळे नवराबायकोची कमाई दोघांची समाईक समजली जाई. १९३० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी करासाठीही ग्राह्य धरली. कमाई दोन भागांत विभागली की चढत्या दराचा वरचा टप्पा टळतो. साहजिकच इतर राज्यांतले लोक कुरकुर करू लागले. १९४८ साली सगळ्याच विवाहितांना ती सोय मिळाली. मग विधवा, विधुर आणि घटस्फोटित मंडळी म्हणू लागली की घर आम्हीही चालवितो, मुले आम्हीही पोसतो, मग आम्हीच का जास्त भरावे? त्यांचे म्हणणे अर्धे मान्य झाले. १९५१ च्या कायद्याने कुटुंबप्रमुखाचा दर्जा निर्माण केला आणि विवाहितांना मिळणाऱ्या लाभापैकी सुमारे निम्मा त्यांच्या पदरात टाकला.

लाभ किती, ते आकड्यांवाचून कळणार नाही. २०२५ ह्या करवर्षासाठी एकट्या माणसाला उत्पन्नातून १५,७५० डॉलरची सरसकट वजावट मिळते; कुटुंबप्रमुखाला २३,६२५ डॉलरची. शिवाय दहा व बारा टक्क्यांचे खालचे टप्पेही कुटुंबप्रमुखाला अधिक रुंद आहेत. समजा, घटस्फोटित आई आणि बाप दोघांचाही वर्षाचा पगार ८०,००० डॉलर आहे. 'एकटा' म्हणून भरणाऱ्याला सुमारे ९,०५० डॉलर कर पडतो, कुटुंबप्रमुखाला सुमारे ६,४२५. म्हणजे २,६०० डॉलरहून थोडा अधिक फरक केवळ दर्जामुळे पडला. त्यावर सतरा वर्षांखालील मुलापोटी प्रत्यक्ष करातून २,२०० डॉलरपर्यंत सूट मिळते, ती वेगळी. पगार सारखा, मूल एकच, आणि करात पावणेपाच हजारांहून अधिक तफावत! असे असता दोघांनीही एकाच मुलाचे नाव आपापल्या विवरणपत्रात घातले, तर आम्ही त्यांना लबाड म्हणणार नाही. पुष्कळदा दोघांनाही मनापासून वाटत असते की हक्क आपलाच आहे. निकालपत्रात 'संयुक्त ताबा' असे स्वच्छ लिहिलेले असते ना!

पण करखात्याच्या लेखी 'संयुक्त' ह्या शब्दाला फारसा अर्थ नाही. एका मुलाचा ताबा दोघांत वाटता येतो. त्या मुलामुळे मिळणारा दर्जा वाटता येत नाही. तो मिळण्यास तीन गोष्टी लागतात. पहिली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ डिसेंबरला, माणूस अविवाहित असला पाहिजे. घटस्फोटाचा हुकूम ३० डिसेंबरला झाला, तर ते सारे वर्ष अविवाहिताचे. २ जानेवारीला झाला, तर गेलेले सारे वर्ष विवाहिताचे. (जोडीदार शेवटचे सहा महिने घरात राहत नसेल आणि बाकीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर हुकुमावाचूनही अविवाहित समजतात, एवढी कणव कायद्याने दाखविली आहे.) दुसरी, घर चालविण्याच्या खर्चापैकी निम्म्याहून अधिक त्या माणसाने केलेला असावा. ह्यात भाडे, घरकर्जाचे व्याज, विमा, दुरुस्ती, वीज-पाणी आणि घरात शिजणारे अन्न येते. मुलाचे कपडे, शिक्षण आणि औषधपाणी येत नाही. तिसरी अट अशी की, मूल वर्षातून निम्म्याहून अधिक काळ त्या घरात राहिलेले असावे. आजीबाईंच्या मुलाचे घोडे येथेच अडले होते.

राहणे म्हणजे काय, हे ठरविताना पूर्वी पैसा पाहत. १९८४ पूर्वी मुलाच्या पोषणासाठी कोणी किती दिले, ह्याचा हिशेब चाले. दोन्ही बाजू पावत्यांचे गठ्ठे घेऊन येत आणि अधिकारी त्यांत बुडून जात. त्या वर्षीच्या कायद्याने पावत्यांचे ते प्रकरण बहुतांशी मिटविले. मूल वर्षातला अधिक काळ ज्याच्याकडे, हक्क त्याचा, असे ठरले. पुढे २००८ च्या नियमांनी 'अधिक काळ' मोजण्याचे मापही दिले: रात्री मोजा. वर्षाच्या रात्री ३६५. मूल दोन्ही घरांत आलटून पालटून राहिले, तरी एकाच्या वाट्याला किमान १८३ येतात आणि दुसऱ्याच्या १८२. त्या एका रात्रीवर हिशेब फिरतो. लीप वर्षी १८३-१८३ अशी बरोबरी झालीच, तर ज्याचे उत्पन्न अधिक, त्याच्याकडे ताबा आहे असे समजतात. पालक रात्रपाळीला जात असेल, इस्पितळातल्या परिचारिकेप्रमाणे, तर त्याच्या बाबतीत रात्रींऐवजी दिवस मोजतात. ३१ डिसेंबरची रात्र जुन्या वर्षात धरतात. ही सारी काटेकोर गणिते वाचून प्रथम आम्हांला हसू आले, आणि मग लक्षात आले की भांडणाऱ्या दोन माणसांमध्ये झोपलेल्या मुलाइतका तटस्थ साक्षीदार दुसरा नाही.

आपल्या कायद्याने निराळी वाट धरली. १९९२ साली १९६१ च्या आयकर कायद्यात अज्ञान मुलाचे उत्पन्न पालकाच्या उत्पन्नात मिळविण्याचा नियम आला. आईबापांचा विवाह टिकून नसेल, तर ते मूल जो पोसतो त्याच्या उत्पन्नात मिळवावे, असे त्यात म्हटले. आम्ही पोषण पाहिले, अमेरिकेने अंथरूण पाहिले. अर्थात आपल्या नियमाने बोजा येतो, तर तिकडच्या नियमाने सवलत. तेव्हा चढाओढ तिकडेच अधिक, हे ओघानेच आले.

मग १८२ रात्री मूल सांभाळणाऱ्याच्या हाती काहीच नाही काय? आहे, आणि घटस्फोटाच्या करारावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने समजून घ्यावी अशी हीच गोष्ट आहे. ह्या गाठोड्यातला एक धागा सोडवून दुसऱ्याला देता येतो. ताबा असलेल्या पालकाने 'फॉर्म ८३३२' नावाच्या कागदावर सही करून दिली, तर मुलापोटी मिळणारी ती २,२०० डॉलरची सूट दुसरा पालक घेऊ शकतो. कुटुंबप्रमुखाचा दर्जा मात्र अशा सहीने दुसऱ्याकडे जात नाही. पाळणाघराच्या खर्चावरील सूट आणि कमी कमाईच्या नोकरदारांना मिळणारे साहाय्यही जात नाही. ती रात्रींबरोबरच राहतात. वरच्या उदाहरणात आईकडे १८३ रात्री असल्या आणि तिने तो फॉर्म भरून दिला, तर तिच्याकडे २,६०० राहतात, बापाकडे २,२०० येतात. इतकी सरळ वाटणी नवराबायको एकत्र असतानाही क्वचितच होत असेल. सही एका वर्षापुरती करता येते, अनेक वर्षांसाठीही करता येते; 'सम वर्षी आई, विषम वर्षी बाप' असेही करार होतात. मुले दोन असून एक अधिक काळ आईकडे आणि एक बापाकडे राहत असेल, तर बाकीच्या अटी पुऱ्या करून दोघेही आपापल्या घरचे कुटुंबप्रमुख होऊ शकतात.

परंतु तो कागद हाती असावा लागतो. करारात नुसते लिहून ठेवून भागत नाही. १९८५ ते २००८ ह्या काळातल्या हुकुमांची योग्य पाने फॉर्मऐवजी जोडण्याची मुभा होती. २००८ नंतरच्या हुकुमांना तीही नाही. राज्याच्या कौटुंबिक न्यायालयाने 'सवलत बापाने घ्यावी' असे सांगितले, तरी केंद्राचे करखाते त्याने बांधले जात नाही. २०१२ साली तेथील टॅक्स कोर्टापुढे आलेल्या एका प्रकरणात, बाप पोटगी नियमाने देत राहील तर आई मुलापोटीची सवलत सोडील, असे ठरले होते. बापाने पैसे नियमाने दिले होते. त्याने आईच्या सहीचा ठरावही विवरणपत्राला जोडला होता. पण त्या सहीत 'जर' होता. कायद्याला विनाअट सही हवी, म्हणून बाप हरला. शब्द पाळूनही हरलेला हा माणूस आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. अशा वेळी एकच दाद राहते. ती म्हणजे कौटुंबिक न्यायालयात जाऊन दुसऱ्या पक्षाला सही करण्यास भाग पाडणे. त्यात वकिलाची फी सवलतीहून मोठी होण्याचा संभव फार. म्हणून सल्ला देणारे सांगतात की, फॉर्म कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचा हे करारातच लिहून घ्यावे. दिलेली सही पुढे परतही घेता येते. पण ती ज्या वर्षी दुसऱ्या पालकास कळवावी, त्याच्या पुढच्या वर्षापासून लागू होते.

आता आजीबाईंची वही. मूल एखाद्या रात्री आईकडेही नाही आणि बापाकडेही नाही, मैत्रिणीकडे किंवा आजोळी आहे, तर ठरलेल्या पाळीप्रमाणे ते त्या रात्री ज्याच्याकडे असते, त्याच्या खाती ती रात्र पडते. आणि पालक स्वतः मुलाबरोबर परगावी असला, तर ती रात्र त्याची. नात आली तेव्हा पहिले सोळा दिवस बाप बरोबर होता. त्याची रजा संपली, तो परतला. उरलेले सव्वीस दिवस ती आजीजवळ राहिली आणि मग काकाबरोबर गेली. तेव्हा आजीबाईंनी वहीत दोन रकाने पाडले. पहिल्यातल्या सोळा रात्री सरळ मुलाच्या. दुसऱ्या रकान्यातल्या सव्वीस रात्री पाळीच्या वेळापत्रकाशी ताडून दोघांत वाटावयाच्या. विमानाची तिकिटे त्यांनी जपून ठेवलेलीच होती. तिसऱ्या रात्री तापामुळे नात आपल्याच कुशीत झोपली होती, हे त्यांनी समासात लिहिले. त्या नोंदीचा कराला काही उपयोग नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी ती खोडली नाही.