गणेश रंगमहालातला दरबार

शनिवारवाड्याच्या गणेश रंगमहालात १७९० साली भरलेल्या दरबाराचे टॉमस डॅनियल याने रंगवलेले भव्य तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एक झाले, त्या तहाचा हा प्रसंग. गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव, जवळ इंग्रजांचे वकील चार्ल्स मॅलेट आणि भोवती मुत्सद्दी-मानकऱ्यांची दाटी.

डॅनियलने हा दरबार पाहिलेला नव्हता. चित्राची कामगिरी मॅलेटने आधी जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडे सोपवली होती. पण तोही मुंबईत उतरला १७९१ मध्ये, तह होऊन गेल्यावर. पुढे पुण्यात त्याने पेशवे आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली, दरबारी मंडळींची रेखाटने जमवली. १७९५ मध्ये वेल्स वारला. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने १८०५ साली चित्र पुरे केले, तेव्हा माधवराव आणि नाना दोघेही हयात नव्हते.

त्यामुळे त्या दिवशी कोण हजर होते आणि कोण कोणाच्या शेजारी बसले, याचा निवाडा या चित्रावरून करणे धोक्याचे आहे. मॅलेटला मिळालेले महत्त्वही बेताने घ्यावे. चित्र त्याच्याच सांगण्यावरून निघाले, शिवाय पुढे तो वेल्सचा जावई झाला!

ज्यात फेरफार करून कोणाचा लाभ नव्हता, तिथे मात्र चित्राची साक्ष मोलाची ठरते. पुणे दरबारात खुर्चीला जागा नव्हती. जोडे काढून बैठकीवर बसण्याचा रिवाज इंग्रज वकिलालाही पाळावा लागे. चित्रात हीच जमिनीवरची बैठक दिसते. पागोटी, अंगरखे, पेशव्यांची गादी हा तपशील वेल्सने पुण्यात डोळ्यांनी पाहिलेला होता. मानाची वस्त्रे आणि त्यांचा खर्च दप्तरात सापडतो. भरलेला दरबार दिसायचा कसा, हे कागदावर क्वचितच उतरते.

वास्तूच्या बाबतीत तर चित्राचे मोल आणखी वाढते. नक्षीदार खांबांचा दिवाणखाना आणि मागचा गणपती त्यात आहे. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले आणि तट, दरवाजे, जोती एवढेच उरले.

राजशिष्टाचारातली एक मोठी गोष्ट मात्र या चौकटीत मावलेली नाही. गादीवरचा हा तरुण स्वतः कोणाचा तरी प्रधान होता. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडून येत.