छाटणी, ताण आणि बहर

मोगरा, जास्वंद, तगर, गुलाब या झुडपांना फूल येते ते नव्या फुटीवर. जुनी, टणक झालेली फांदी झाडाचा सांगाडा सांभाळते. कळी धरते ती कोवळ्या शेंड्याला. म्हणून वर्षानुवर्षे कात्री न लागलेले झाड उंच आणि पानांनी गच्च होते, पण फुलांच्या बाबतीत हात आखडता घेते. पाणी आणि खत वाढवून हे सुधारत नाही. नत्र जास्त झाले की उलट पालाच माजतो.

मोगऱ्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. थंडीत त्याची वाढ मंदावते. डिसेंबरात पाणी हळूहळू तोडतात, याला ताण देणे म्हणतात. पाने पिवळी पडून गळू लागली की उरलेली हाताने काढून टाकायची आणि झाड जमिनीपासून सुमारे दीड फुटावर छाटायचे. वाळलेल्या व काडीसारख्या बारीक फांद्या मात्र बुडातूनच काढाव्यात. मग आळे उकरून मुरलेले शेणखत घालायचे आणि भरपूर पाणी द्यायचे. काही आठवड्यांत पेरापेरातून धुमारे फुटतात. प्रत्येकाच्या शेंड्याला बहुधा तीन कळ्या एकत्र दिसतात. त्यांतली मधली आधी उमलते. फुले ओसरल्यावर तो शेंडा खुडला, तर खालच्या पानांच्या बेचक्यांतून नवी फूट येते आणि बहर पावसाळ्यापर्यंत लांबवता येतो. कुंडीतल्या मोगऱ्याला ताण जपून द्यावा. तिथली माती लवकर सुकते आणि फांद्याच वाळण्याची भीती असते.

जास्वंदीचे फूल साधारण एका दिवसाचे, पण झाड जवळजवळ बारमाही फुलते, त्यामुळे तिला हलकी छाटणी पुरते. तिची खरी तक्रार कळ्या गळण्याची. कधी उपास, कधी पूर अशा अनियमित पाण्याने कळ्या गळतात, तशाच पिठ्या ढेकणामुळेही गळतात. शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर आणि फांदीवर मुंग्यांची रांग ही त्याची खूण. या किडीतून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या तिची राखण करतात, म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त हवा. पाण्याचा जोरदार फवारा मारून आणि संध्याकाळी निंबोळी अर्क फवारून सुरुवातीलाच कीड आटोक्यात येते.

अनंताचा प्रश्न कात्रीचा नाही, मातीचा आहे. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत तो सुखाने वाढतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत मात्र त्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. बोअरच्या जड पाण्याने त्रास वाढतो. अशा ठिकाणी अनंत कुंडीत, पालापाचोळ्याचे खत मिसळलेल्या मातीत लावणे शहाणपणाचे. त्याची छाटणी फुले संपताच करावी.

गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात होते. डोळा भरलेल्या जागेच्या खालून येणारे जोमदार फुटवे रानगुलाबाचे असतात. ते मुळापासून उपटावेत, नाहीतर वरचे कलम मरते.

कण्हेर मात्र उन्हातान्हात, कमी पाण्यावरही फुलते. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. छाटलेल्या फांद्या गुरांपुढे किंवा मुलांच्या हाती पडू देऊ नयेत आणि जाळूही नयेत, कारण तिचा धूरही घातक असतो.