आकडे तेच, तालुका भलताच!

संगणकावरील मोठे गणित अनेकदा दोन भाषांत विभागलेले असते. आकडेमोड सी वा फोरट्रानमधील, आधीच यंत्रभाषेत उतरवलेला वेगवान प्रोग्रॅम करतो. विश्लेषण सायलॅब वा पायथॉनसारख्या स्क्रिप्ट भाषेत होते. आकड्यांचा तक्ता, म्हणजेच मॅट्रिक्स, एकीकडून दुसरीकडे सोपवताना मात्र गफलत होऊ शकते.

धाराशिव जिल्ह्यातील आठ तालुक्यांच्या बारा महिन्यांच्या पावसाचा तक्ता घेऊ. आडव्या ओळीत तालुके. पहिला धाराशिव, दुसरा तुळजापूर. उभ्या स्तंभांत महिने. संगणकाच्या स्मृतीत ही ९६ आकड्यांची एकच रांग असते. सी ती ओळीनुसार लावते, फोरट्रान व सायलॅब स्तंभानुसार. रांग जशीच्या तशी दिली, तर धाराशिवचा फेब्रुवारीतील पाऊस तुळजापूरच्या जानेवारीत जमा होतो. संगणक तक्रार करीत नाही. जिल्ह्याची एकूण बेरीजही जुळते.

दुष्काळ मात्र तालुकानिहाय जाहीर होतो. २०२३ मध्ये राज्यातील ४० तालुक्यांत तो जाहीर झाला, तेव्हा वाशी, धाराशिव व लोहारा त्यांत होते.

उपाय सोपा आहे. रांगेसोबत ओळी किती, स्तंभ किती आणि मांडणी कोणती, हेही कळवावे. पायथॉनमधील नमपाय ही नोंद तक्त्यासोबतच ठेवते. शिवाय एखाद्या तालुक्याचा माहीत असलेला आकडा पलीकडे योग्य घरात पोहोचला का, हे आधी तपासावे.