बूमवरचा डिजिटल शॉटगन, केबलविना

• शॉटगन माइक: कॅप्सूलपुढे फटींची लांब नळी. बाजूचा आवाज ती दाबते; खर्जाचा मात्र फारसा नाही. महापे एमआयडीसीतल्या ट्रक-कॉम्प्रेसरची घरघर म्हणूनच संवादात शिरते.

• डिजिटल शॉटगन: ध्वनीचे आकडे माइकच्या आतच होतात. मानक एईएस४२, वीज १० व्होल्ट. अॅनालॉग कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात. त्यामुळे नेहमीचा प्लग-ऑन ट्रान्समीटर (माइकलाच जोडून आवाज बिनतारी पाठवणारा) इथे चालत नाही. एईएस४२ स्वीकारणाराच हवा. भाड्याने घेताना हे आधी विचारावे.

• उदाहरण, शोप्स कंपनीचा ‘सुपरसीएमआयटी २यू’ (२०१०): दोन चॅनेल. एकावर गोंगाट गाळलेला, दुसऱ्यावर मूळ आवाज. दोन्ही हवे तर ट्रान्समीटरही दोन चॅनेलचा.

• विलंब: डिजिटल वायरलेसमध्ये काही मिलिसेकंद. ३ मिलिसेकंदांत आवाज सुमारे १ मीटर जातो. कॉलर माइकशी मिसळताना जुळवणी आवश्यक.