संगणकाचा एसएमपीएस

एसएमपीएस हा संगणकाला वीज पुरवणारा भाग होय. घरातील 230 व्होल्ट, 50 हर्ट्झच्या प्रत्यावर्ती विजेपासून तो 12, 5 व 3.3 व्होल्टची एकदिश वीज तयार करतो. घरगुती संगणकांतील बहुतेक एसएमपीएस इंटेलने 1995 साली मांडलेल्या एटीएक्स मानकावर आधारलेले असतात.

नवे भाग बसवल्यानंतरचे बिघाड

नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर, कामाचा ताण वाढताच संगणक बंद पडत असल्यास दोष कार्डाचाच असतो असे नाही. मदरबोर्डावरील खाचेतून कार्डाला कमाल 75 वॅट मिळतात; सहा पिनांच्या जोडणीतून आणखी 75, तर आठ पिनांच्या जोडणीतून 150 वॅट मिळतात. ही वीज मुख्यतः 12 व्होल्टच्या वाहिनीतून येते. म्हणून एकूण वॅटइतकीच त्या वाहिनीची क्षमताही एसएमपीएसवरील तक्त्यात पाहावी लागते.

तपासणी

संगणक सुरूच होत नसल्यास 24 पिनांची मुख्य जोडणी आणि प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची जोडणी घट्ट बसल्याची खात्री करावी. नवे कार्ड काढल्यावर संगणक नीट चालला, तर पुरेशा क्षमतेच्या दुसऱ्या एसएमपीएसवर तेच कार्ड लावून पाहावे. तेथे ते चालल्यास दोष पुरवठ्याचा ठरतो. वाशीम जिल्ह्यातील केनवडसारख्या गावांत रोहित्रापासून दूरच्या घरी दाब घसरू शकतो. तेथे वायरमनकडून दाब व अर्थिंगही तपासून घ्यावे.

सुरक्षितता

एसएमपीएस उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये प्राणघातक विद्युतभार काही काळ राहू शकतो.