लाटेला दाखवली घाटाची वाट

दोस्तांनो, घाटातून एसटीने गेला आहात ना? गाडी पळते जोरात, पण वळणांमुळे पुढचं गाव लवकर येतच नाही. हीच युक्ती १९४३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला रुडॉल्फ कॉम्फ्नर यांनी वापरली. शिक्षणाने ते चक्क वास्तुरचनाकार, बरं का!

त्यांना क्षीण रेडिओलहर जोरकस करायची होती. तिला ऊर्जा पुरवणार होता इलेक्ट्रॉनांचा झोत. पण लहर धावते प्रकाशाच्या वेगाने, आणि झोत त्याहून कितीतरी हळू. जोडी जमणार कशी? कॉम्फ्नरनी लहरीला स्प्रिंगसारख्या तारेवरून गरागरा फिरवलं आणि झोत मधून सरळ सोडला. आता लहर पुढे सरकू लागली झोताच्याच चालीने!

लहर काही इलेक्ट्रॉनांना पुढे ढकलते, काहींना अडवते. मग त्यांचे घोळके होतात. झोताचा वेग किंचित जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे घोळके अडवणाऱ्या भागात सरकतात. तिथे त्यांचा वेग घटतो आणि ती ऊर्जा लहरीला मिळते.

आज नळी बनवण्याआधी हा खेळ संगणकावर मांडतात. लहरीने इलेक्ट्रॉन किती हलले, त्यामुळे लहर किती वाढली, वाढलेल्या लहरीने ते पुन्हा किती हलले... हिशेब चालूच!

एवढा खटाटोप कशाला? १९६२च्या टेलस्टार उपग्रहावर अशी नळी होती, १९७७च्या व्हॉयेजर यानांवरही. अंतराळात नळी बिघडली, तर दुरुस्तीला कोण जाणार?

पेन्सिलीला दोरा गुंडाळा, मग सोडून मोजा. लहरीची वाट किती लांबते, ते कळेल!