नखरा की पोटाची तक्रार?

पुढ्यात ठेवलेल्या भांड्याचा कुत्रा नुसता वास घेतो, मान फिरवतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. मग घरात धावपळ सुरू होते. दूध-पोळी नको म्हणून दहीभात, दहीभात नको म्हणून अंडे आणि तेही नाकारले म्हणून अखेर कोंबडीचा रस्सा! रस्सा मात्र तो मिटक्या मारीत संपवतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दिवाणखान्यात उलटी किंवा जुलाब होतात. कुत्रा पाळणाऱ्या अनेक घरांची कहाणी थोड्याफार फरकाने अशीच असते. 'आमचा कुत्रा नखरेल आहे' आणि 'त्याचे पोट नाजूक आहे' या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या, तरी पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते. पोट दुखते म्हणून तो खात नाही, तो खात नाही म्हणून घरचे रोज नवे काही वाढतात आणि रोजच्या बदलाने पोट आणखी बिघडते. हे चक्र कोठे तोडायचे, हाच खरा प्रश्न आहे.

आधी तपासणी, मग शिस्त

केवळ लाडावलेला कुत्रा जेवण नाकारतो, पण खेळतो, फिरायला उत्साहाने निघतो आणि आवडीचा तुकडा दिसताच खातो. ज्याचे पोट दुखते, त्याची लक्षणे निराळी असतात. तो वारंवार ओठ चाटतो, लाळ गाळतो, अधाशीपणे गवत खातो, पाठीला बाक काढून उभा राहतो. जंत, किडलेले दात, हिरड्यांची सूज, यकृत किंवा मूत्रपिंडाचे विकार यांमुळेही भूक मंदावते. म्हणून शिस्त लावण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी.

मोठ्या कुत्र्याने २४ तासांहून अधिक काळ काहीच खाल्ले नाही, उलट्या थांबत नाहीत, विष्ठेत रक्त दिसते किंवा ती डांबरासारखी काळी होते, पोट फुगते, अशा वेळी घरगुती उपायांत वेळ दवडू नये. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिलाला उलट्या व रक्तमिश्रित जुलाब होत असतील, तर तो पार्व्हो विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि तेथे प्रत्येक तास मोलाचा असतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत.

काही कुत्रे पहाटे पिवळसर फेस ओकतात, एरवी मात्र ठणठणीत असतात. रात्रभर रिकाम्या राहिलेल्या जठरात पित्त शिरल्याने असे होऊ शकते. दिवसाचे जेवण न वाढवता त्यातलाच थोडा भाग झोपण्यापूर्वी दिला, तर अनेकदा हा त्रास थांबतो.

दूध-पोळीचे काय?

आपल्याकडे कुत्र्याचे जेवण म्हणजे दूध-पोळी, असे समीकरणच झाले आहे. पिलू मोठे होते तसे दुधातील शर्करा पचवणारे लॅक्टेज हे विकर त्याच्या शरीरात कमी होत जाते. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढते, वायू धरतो आणि जुलाब होतात. पोळी किंवा भात मात्र मुळातच शत्रू नव्हे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या, तर कुत्र्यात त्या ४ ते ३० होत्या. माणसाच्या सहवासात कुत्रा धान्य पचवायला शिकला. पण नुसत्या दूध-पोळीतून त्याला पुरेशी प्रथिने आणि इतर पोषकद्रव्ये मिळत नाहीत.

काही कुत्र्यांना ठरावीक अन्नाचीच ॲलर्जी असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू ही कुत्र्यांतील प्रमुख कारणे आढळली. म्हणजे 'हलकी' समजली जाणारी कोंबडीही दोषी असू शकते. खात्री करण्यासाठी पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली सुमारे आठ आठवडे पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार देतात. या काळात बाहेरचे एक बिस्किटही चालत नाही.

स्वयंपाकघरातील धोके

घरचा रस्सा कुत्र्याला आवडतो, पण त्यातील कांदा-लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. शिजवल्याने हा दोष जात नाही आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ग्रॅम कांदाही अपायकारक ठरू शकतो. पाच किलोच्या पॉमेरेनियनला एक मध्यम कांदा पुरे आहे. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात, त्यामुळे बेदाणे घातलेला प्रसादाचा शिराही नको. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे, असे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडले. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते. म्हणून चिंच-गुळाची आमटी कालवलेला भातही टाळलेला बरा. चॉकलेट, झायलिटॉल असलेले पदार्थ आणि शिजवलेली हाडे पूर्णपणे वर्ज्य. साजूक तूप, तळण, मटणाची चरबी यांमुळे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो.

पोट साधे बिघडले असेल, तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने दोन-तीन दिवस मऊ शिजवलेला भात आणि कातडी व हाडे काढून उकडलेली कोंबडी द्यावी. मीठ-मसाला घालू नये आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे. अर्थात कोंबडीची ॲलर्जी नाही, हे गृहीत धरून. हा आहार कायमचा मात्र नव्हे, कारण त्यात कॅल्शियम फारच कमी असते. रोज घरचेच अन्न द्यायचे असेल, तर त्याचे प्रमाण पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे.

वाढण्याची रीत

नवे अन्न एकाएकी सुरू करू नये. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवे, मग निम्मे, मग पाऊण, असे सात ते दहा दिवसांत बदलावे. पोट नाजूक असल्यास दोन आठवडे घ्यावेत. आतड्यातील जिवाणूंना नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास तेवढा अवधी लागतो.

तपासणीत आजार नाही असे ठरले, की वेळ पक्की करावी. ठरल्या वेळी भांडे ठेवावे, १५-२० मिनिटांनी शांतपणे उचलावे आणि पुढच्या जेवणापर्यंत काही देऊ नये. पाणी मात्र सतत हवे. पिले आणि आजारी कुत्रे यांना हा नियम लावू नये. कुत्रा चवीपेक्षा वासावर अधिक विसंबतो, म्हणून अन्न किंचित कोमट केले तरी फरक पडतो. वरखाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. ऐन उन्हाळ्यात भूक थोडी कमी होतेच. अशा वेळी सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर वाढावे.

सर्वांत कठीण काम घरच्या माणसांचे आहे. आजी पोळीचा तुकडा टाकते, मुले बिस्किटे देतात, पाहुणे फरसाण भरवतात आणि पशुवैद्यकांना मात्र 'तो काहीच खात नाही' असे सांगितले जाते. कुत्र्याने काय खाल्ले, किती वाजता, कोणी दिले आणि विष्ठा कशी झाली, एवढे पंधरा दिवस वहीत लिहून ठेवावे. तपासणीला जाताना ती वही सोबत न्यावी. आपले कोठे दुखते, हे कुत्र्याला सांगता येत नाही. त्या वहीतून ते बरेचसे कळू शकते.